पदवी मिळाली म्हणून सवय सुटत नाही

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्तानं झाशीत विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मला विषय दिलाय तो जुन्या सवयी आणि समजुती ठरवून सोडण्याचा. समोर बसलेल्या मुलामुलींपैकी बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. कोणी बी.एससी. झालंय, कोणी बी.एड. करतंय, दोघी यंदा एमबीबीएसला लागल्यात. म्हणून एक गोष्ट आधीच बोलून टाकते. शिकलं की जुनं आपोआप गळून पडतं, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. मी तीस वर्षं इंटर कॉलेजात गणित शिकवलं. आपोआप गळून पडताना मी काहीही पाहिलेलं नाही. केमिस्ट्रीत एम.एससी. झालेला माणूस नव्या मोटारसायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, आणि स्टाफरूममध्ये नवा शिक्षक आला की त्याच्या विषयाआधी त्याचं आडनाव विचारलं जातं. विचारणारे सगळे पदवीधर असतात.

गाव सोडलं म्हणूनही काही सुटत नाही. झाशीत मराठी माणूस दोन वाटांनी आला. पहिली वाट पेशवाईची, सुभेदारांची, भटजींची. १८५७ च्या धामधुमीत पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे इथंच होते. दक्षिणा मिळवायला म्हणून ते उत्तरेत आले आणि बंडात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आलं. जरूर वाचा. या शहराची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, स्वतः लुबाडले गेले, जीव वाचवत फिरले. आणि शेवटी काय घेऊन घरी गेले, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड. मी त्यांची चेष्टा करत नाही. त्यांची आईवडिलांवरची माया खरी होती. मला एवढंच दिसतं की राज्य बुडालं, शहर जळालं, पण पाप-पुण्याचा हिशोब जसाच्या तसा घरी परतला.

दुसरी वाट रुळांची. २००३ पर्यंत झाशी मध्य रेल्वेत होती. मुख्यालय मुंबईला, त्यामुळे भुसावळकडची, नागपूरकडची माणसं इकडे यायची. माझे आजोबा भुसावळकडून खलाशी म्हणून आले. 'गाव सुटलं, महारकी सुटली,' असं ते म्हणायचे. महारकी सुटली हे खरं. पाटलाच्या दारात जोहार घालायला नको, सांगावा घेऊन पळायला नको, मेलेलं ढोर ओढायला नको. पण चाळीत नळावर कोणाची बादली आधी आणि कोणाची मागून, हे कोणी न सांगताच ठरलेलं होतं. जात त्याच गाडीनं, त्याच डब्यात बसून आली होती.

मग ती सुटते कशी? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला महाडमध्ये सापडतं. आता गंमत अशी की महाड आणि वरसई एकाच जिल्ह्यातली. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड.

चवदार तळ्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. २० मार्च १९२७. पाणी प्यालो, मार खाल्ला, मग शेण-गोमूत्र घालून तळं शुद्ध केलं गेलं. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना जे सांगितलं, त्याबद्दल आपण कमी बोलतो, कारण ते ऐकायला अवघड आहे. मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका. शिळे तुकडे मागू नका. वतनाला चिकटून राहू नका, दुसरं पोट शोधा. म्हणजे एका हातानं हक्काचं पाणी घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या घरातलं काही बाहेर टाकायचं. आणि टाकायचं काय, तर ज्यावर पोट चालतं तेच.

माझी आजी चान्यांबद्दल सांगायची. मांसाच्या पट्ट्या करून दोरीवर वाळवायच्या आणि साठवायच्या. पावसाळ्यात, घरात काही नसताना, त्याच उकळायच्या. तिच्या माहेरी पंचांनी जेव्हा ठरवलं की आता हे बंद, तेव्हा तिच्या आईनं विचारलं होतं, 'बंद तर बंद, पण श्रावणात पोरांना काय घालू?' पंचांकडे उत्तर नव्हतं. तरी बंद झालं. त्या वर्षी पोरं उपाशी झोपली, हे आजी कोरड्या आवाजात सांगायची. आपण आज पुस्तकात 'मृतमांसाचा त्याग' हे दोन शब्द वाचतो आणि पान उलटतो. त्या दोन शब्दांमध्ये एक आख्खा श्रावण आहे.

याचा हिशोब तेव्हाही मांडला गेला होता, फक्त दुसऱ्या बाजूनं. 'केसरी'त कोणीतरी पत्र लिहिलं होतं, की ढोरं ओढणं सोडल्यामुळे महारांचं कातडं, शिंगं, हाडं यांचं मिळून वर्षाला पाचशे रुपयांचं नुकसान होतं. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात ही आठवण सांगितली होती. त्यांचं उत्तर असं, की तुम्हीच ओढा, तो नफा तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो. लोक हसले असतील. पण बघा, नुकसान होत नाही असं ते म्हणाले नाहीत. नुकसान होणार हे धरूनच ते बोलत होते. सोडण्याची किंमत लपवून कोणाला काही सोडायला लावणं ही फसवणूक असते, आणि ती त्यांनी केली नाही.

महाडमधली दुसरी गोष्ट बायकांची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मनुस्मृती जाळली त्या परिषदेनंतर, बाबासाहेब बायकांच्या सभेत बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा. हातभर, गळाभर जे जाड दागिने घालता, ते उतरवा. मुलींना शाळेत घाला. आजची एखादी मुलगी विचारील, आणि विचारावंच, की बाईनं लुगडं कसं नेसावं हे पुरुषानं का सांगायचं? आणि सवर्ण बायकांसारखं नेसण्यात कसली क्रांती? मला हा प्रश्न आवडतो. पण त्या काळी गुडघ्यावरचं लुगडं ही आवड नव्हती, ती पाटी होती. लांबून बघणाऱ्याला जात कळावी म्हणून अंगावर लावलेली. त्या बायकांनी ती पाटी काढली.

आणि इथं मला सगळ्यात उपयोगाची वाटते ती पुढची बारीक गोष्ट. दुसऱ्या दिवशी चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या बायकांनी त्यांना नवी नेसण शिकवली. म्हणजे नुसतं 'सोडा' म्हणून भागलं नाही. जन्मभर हाताला एक वळण पडलेलं असतं. निऱ्या कुठं धरायच्या, पदर किती सोडायचा, हे हाताला दाखवावं लागलं. मन एका रात्रीत तयार झालं होतं, हाताला वेळ लागला. या बायकांचं पुढचं काम वाचायचं असेल तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' मिळवून वाचा.

आता १९५६ कडे येते. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी घोषणा झाली आणि नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा. मध्ये एकवीस वर्षं. ज्यांना वाटतं की धर्मांतर रागाच्या भरात झालं, त्यांनी हे वजाबाकीचं गणित करावं. दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी आपल्या उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरहून गेले होते, हे इथल्या मुलांना माहीत असावं. नंतर लाखो लोकांनी बाबासाहेबांच्या मागून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्यातल्या पहिल्या आठ नकाराच्या आहेत, मानणार नाही आणि करणार नाही अशा. नववी आणि दहावी समतेची, एक मानण्याची आणि दुसरी त्यासाठी धडपडण्याची. दारूची पण एक आहे, ती आपले पुरुष सोयीनं विसरतात, असो. माझं लक्ष कशाकडे जातं, तर प्रत्येक प्रतिज्ञेचा कर्ता 'मी' आहे. म्हणायची सगळ्यांनी मिळून, पण पाळायची एकेकट्यानं, आपापल्या घरात, दार लावल्यावर.

आमच्या घरी दार लावल्यावर काय झालं ते सांगते. आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन झाशीला परतले. देव्हाऱ्यात चांदीचे टाक होते, खंडोबाचा, मरीआईचा. आजोबा म्हणाले, नदीत सोडून येतो. आजी म्हणाली, थांबा. तिनं ते सोनाराकडे नेले, वितळवले, आणि आलेल्या पैशांत माझ्या वडिलांची मॅट्रिकची फी भरली. नदीत टाकायला ती काही वेडी नव्हती.

पण भीती वितळत नाही. वर्षभरातच वडिलांना विषमज्वर झाला. चाळीतल्या बायका येऊन सांगायच्या, मरीआईला बाहेर काढलंस ना, बघ आता. आजीनं नवस बोलला नाही. रोज दवाखान्यात नेऊन औषध पाजलं. ती म्हणायची, 'तोंडानं नाही बोलले, पण हात जोडले जायचे बाई. मग मी पदराखाली हाताला हात धरून ठेवायची.' वडील वाचले. नसते वाचले तर तिचं काय झालं असतं, आणि आमच्या घराचं काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनात घोळवलंय. उत्तर मिळत नाही. मुलगा बरा झाला म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरला, असं मात्र मी म्हणणार नाही. तो आधीच बरोबर होता.

वडिलांनी मोजलेली किंमत कागदावरची. अनुसूचित जातींच्या केंद्राच्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. ती १९९० मध्ये झाली. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षं केंद्राच्या नोकरीत 'बौद्ध' लिहिलं की सवलत गेली. महाराष्ट्र सरकारनं स्वतःपुरती वाट काढली होती, पण आम्ही महाराष्ट्रात नव्हतो. वडिलांनी अर्जात बौद्ध लिहिलं. त्यांच्या शेजाऱ्यांनी 'हिंदू महार' लिहिलं आणि घरी रोज वंदना घेतली. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. कागदावर जुनं नाव ठेवणाऱ्यांना जे नावं ठेवतात, त्यांनी आधी पाच पोरांचा संसार एका पगारात चालवून बघावा.

हे सगळं महाराष्ट्रातच झालं असं समजू नका. उत्तर प्रदेशात नारा-मवेशी आंदोलन झालं. चर्मकार बायकांनी बाळंतिणीची नाळ कापायला नकार दिला, पुरुषांनी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला. महाडला जे बोललं गेलं, तेच इथं, दुसऱ्या बोलीत. आपल्या मराठी घरांना ही माणसं शेजारी असून माहीत नसतात. इथल्या झलकारीबाई कोरींचं नावसुद्धा पुष्कळ मराठी घरांत मुलांनी २००१ च्या टपाल तिकिटामुळे ऐकलं.

आता तुमच्याकडे येते. बुंदेलखंडातल्या काही गावांत आपल्या बायका वरच्या जातीच्या घरांसमोरून जाताना चप्पल काढून हातात घेतात. ही पूर्वीची गोष्ट नाही. मागच्या वर्षी इथं एका बँकेत मी एक म्हातारी पाहिली. पेन्शनच्या रांगेत अनवाणी, चपला पदराखाली धरलेल्या. गार्ड चांगला होता, म्हणाला, 'अम्मा, पहन लो, यहाँ कोई कुछ नहीं कहेगा.' ती हसली. घातल्या नाहीत. तिला कळत नव्हतं असं नाही. तिच्या पावलांना कळत नव्हतं.

तुमच्या पावलांत असं काय काय आहे ते शोधा. मी वर्गात बघत आले. उत्तर येत असून हात वर न करणं. सरांच्या खोलीत न जाता दाराशी उभं राहून बोलणं. बोलायला लागण्याआधीच सॉरी म्हणणं. शिष्यवृत्ती आपल्या हक्काची, पण अर्जावर सही करणाऱ्या बाबूचे आभार असे मानायचे, जसं त्यानं खिशातून दिली. आडनाव विचारलं की वडिलांच्या हुद्द्यावर बोलायला लागणं. कोणी शिकवलं हे? कोणीच नाही. आईला बघून आलं, आईला आजीला बघून आलं. म्हणून हे नुसतं 'आत्मविश्वास वाढवा' म्हणून जात नाही. लुगडं नेसायला जसं शिकवावं लागलं, तसं हे एकमेकांना शिकवावं लागतं. मी माझ्या मुलींना स्टाफरूममध्ये आत येऊन, खुर्ची ओढून, बसून प्रश्न विचारायला लावायची. पहिल्या आठवड्यात दोघी रडल्या. सहकारी म्हणाले, मॅडम, पोरं डोक्यावर बसतील. म्हटलं, आधी खुर्चीवर तर बसू दे.

पण सोडण्याची एक चुकीची जातही आहे, आणि ती पदवीधरांमध्ये फार बोकाळलीय. नोकरी लागली की वस्ती सोडायची, बोली सोडायची, आजीच्या जात्यावरच्या ओव्या गावंढळ वाटायला लागायच्या, बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत न्यायचा. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती याचसाठी होती. शिकले, जागा मिळवल्या आणि आपल्या माणसांना विसरले. आग्रा इथून काही तासांवर आहे. तेव्हा जे सोडताय, ते जातीनं तुमच्यावर लादलेलं आहे की तुम्हाला वाढवणाऱ्यांचं आहे, एवढं तपासा. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं, म्हणून घाईत आख्खं गाठोडं फेकलं जातं.

आता शेवटचं, आणि ते मला सगळ्यात जड आहे. माझा धाकटा भाऊ इथं तिसऱ्या रांगेत बसलाय. तो म्हणाला होता, 'ताई, बोलायचंच असेल तर माझ्यासमोर बोल.' म्हणून बोलते.

माझी भाची बँकेत अधिकारी आहे. तिला तिच्याच बॅचमधल्या मुलाशी लग्न करायचंय. मुलगा वाल्मिकी समाजातला, इथलाच. त्याच्या आईनं आयुष्यभर ठेकेदाराकडे रस्ते झाडले. तोही तुमच्यासारखाच, घरातला पहिला पदवीधर. माझा भाऊ दर वर्षी या दिवशी बावीस प्रतिज्ञा पुढं उभा राहून म्हणतो, आजही त्यानंच म्हटल्या. आपल्याकडे साडेबारा पोटजाती होत्या, सोमवंशी, लाडवण, बावणे, त्यातल्या त्यातसुद्धा रोटीबेटी नव्हती. ते त्यानं मोडलं, वहिनी दुसऱ्या पोटजातीची आहे. आणि तोच मला म्हणाला, 'आपण आत्ता कुठं वर आलोय, ताई. पुन्हा खाली कशाला?'

मी त्याच्यावर ओरडले नाही. ते वाक्य त्याचं एकट्याचं नाही. ते या खोलीतल्या पुष्कळ घरांत बोललं जातं, फक्त माझा भाऊ खरं बोलला. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी समजावलं ते हेच. प्रत्येकाला वरच्याचा राग आणि खालच्याचा आधार. पाटलानं दिलेली सवय सोडणं सोपं असतं, कारण तिच्यात आपल्याला अपमान दिसतो. खाली बघण्याच्या सवयीत आपल्याला अपमान दिसत नाही. उलट जरा बरं वाटतं. म्हणून ती सगळ्यात शेवटपर्यंत राहते, आणि ती आपल्याला कोणी येऊन सोडायला लावणार नाही. इथं कोणतं तळं नाही, कोणता सत्याग्रह नाही. समोर फक्त एक पोरगी उभी आहे.

मी गणिताची बाई. मी त्याला कागद घेऊन बसवलं. म्हटलं, काय काय नुकसान होईल ते लिही, खोटं लिहू नकोस. त्यानं लिहिलं. काकांकडचे येणार नाहीत. धाकटीच्या स्थळाला अडचण येईल. कॉलनीत चार महिने चर्चा होईल. सगळं खरं होतं, मी एकही ओळ खोडली नाही. मग म्हटलं, आता आजीच्या आईचा श्रावण यात कुठं बसतो ते बघ. तो बराच वेळ काही बोलला नाही. कागद घडी करून खिशात घातला.

रविवारी मुलाच्या आईनं आम्हाला सीपरी बाजारच्या पुढं त्यांच्या घरी जेवायला बोलावलंय. मी जाणार आहे, वहिनी येणार आहे. भावानं हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. काल रात्री एवढंच विचारलं, की त्यांच्याकडे जाताना मिठाई न्यायची की फळं.

म्हटलं, दोन्ही घे.

जय भीम.